तिसरी हाक

गुरुवार, १७ एप्रिल

पोचले एकदाची नाशकात. इगतपुरीहून एसटीने असा कितीसा वेळ लागतो, पण आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं असं बांधून दिलं की जणू मी काशीला निघालेय. काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली, तरी डब्याचं झाकण घट्ट बसलंय की नाही हे बोटांनी तपासल्याशिवाय ती मला सोडत नाही. निघताना नेहमीचं पालुपद होतंच. परक्या घरात राहणार आहेस, भर दुपारी कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असलं तर तीनदा हाक मारतं, ते दुसरं असतं ते एकदाच मारतं. मी म्हटलं, आई, हल्लीची भुतं मिस्ड कॉल देतात. ती हसली नाही.

इंदिरानगरातलं हे घर मला आवडलं. बंगला जुना नाही, नवाही नाही, कुंड्यांत मोगरा आहे. खाली लताकाकू एकट्या राहतात. बाहेरच्या जिन्याने वर आलं की माझी खोली, तिला लागून कॉम्प्युटरची खोली आणि न्हाणीघर. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनेल गेट आहे, सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे. चोर आत येणं कठीण, आतला बाहेर जाणं त्याहून कठीण. माझ्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून काकूंनी त्याला एक जाडजूड वरवंटा लावून ठेवलाय.

काम माझ्या आवडीचं आहे. टीव्ही-मोबाइलची दुरुस्ती पोटासाठी करते, पण जुने कॉम्प्युटर जिवंत करायचं खूळ मला आयटीआयपासून आहे आणि त्याचे व्हिडिओ मी टाकत असते. ते बघूनच काकूंनी मेसेज केला. त्यांचा मुलगा हर्षल शाळेत असताना विंडोजच्या आधीच्या ज्या डॉसवाल्या मशीनवर गेम खेळायचा ते अजून चालतं, चित्र दिसतं, फक्त आवाज येत नाही. साउंड कार्ड जळलंय. चांगलं कार्ड निवडायचं, बसवायचं, की झालं. जेवण काकूंकडेच.

काकू बोलत नाहीत. मुक्या आहेत, पण जन्मापासूनच्या नसाव्यात, कारण बोलताना हलावेत तसे त्यांचे ओठ हलतात. पाटीवर खडूने लिहून दाखवतात. घशाचं ऑपरेशन असेल. पहिल्याच दिवशी कुणाच्या घशात कशाला डोकवा, म्हणून विचारलं नाही. जेवायला भरलेली वांगी होती. मी ताटावरून उठायलाच तयार नव्हते.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज मशीन उघडलं. आत पालीची अंडी, एक खोडरबर आणि गोट्या. हर्षलराव काय करायचे देव जाणे. बाकी सगळं ठणठणीत आहे, जळालंय ते फक्त साउंड कार्ड. तेही कडेने नाही, मधोमध, तापलेलं उलथनं लावल्यासारखं. असं कार्ड जळलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं.

काकू दाराशी स्टूल टाकून बघत बसल्या होत्या. त्यांना मी सगळं समजावत होते, मला गप्प बसून काम करता येत नाही. म्हटलं, काकू, या जुन्या मशीनमध्ये प्रत्येक वस्तूला प्रोसेसरला हाक मारायची एक लाइन असते. की-बोर्डाची वेगळी, प्रिंटरची वेगळी. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम टाकून ओ देतो. पण एकाच लाइनवर दोघांना बसवलं तर एकाचीच हाक पोचते आणि दुसरा मुका होतो. म्हणून कार्डावरच्या पिनांची ही टोपणं प्रत्येकाला वेगळी लाइन मिळेल अशी बघून बसवायची असतात.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, "हर्षलही असंच सांगायचा." त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगा कुठे असतो विचारलं, तर त्यांनी हाताने लांब अशी खूण केली.

दुपारी भद्रकालीत एका भंगारवाल्याकडे गेले. त्याच्या पोत्यातून तीन कार्डं मिळाली. आज मी खूश आहे.

रविवार, २० एप्रिल

दोन दिवस निवडीत गेले. भंगारवाल्याकडून चाचणीपुरतं आणलेल्या एका मशीनवर तिन्ही कार्डं लावून पाहिली. माझ्याच आठवणीसाठी लिहून ठेवते.

पहिलं कार्ड फक्त सूर काढतं. जुन्या गेमची गाणी त्याच्यावर अशी वाजतात की पितळेची छोटी बँड पार्टी आलीय. पण त्याला माणसाचा आवाज काढता येत नाही. माझं मत विचारलं तर खऱ्या डॉसच्या मजेला हेच पुरे. मी काकूंना ते वाजवून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माणसाचा आवाज यायला हवा."

दुसरं कार्ड म्हणजे स्वस्तातली नक्कल. माणसाचा आवाज काढतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा वाजवायला सांगितलं की मशीन अडकतं, बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. जळालेलं कार्ड याच जातीचं होतं. काकूंना हेही चाललं असतं असं दिसलं, त्या लगेच हो म्हणत होत्या.

पण मी कसली ऐकते. हलक्या मालावर माझं नाव नको. तिसरं कार्ड अस्सल आहे, लांबलचक, भरगच्च. माणसाचा आवाज खणखणीत काढतं आणि सांगाल तितक्या वेळा काढतं, अडखळत नाही. तेच निवडलं. उरलेली दोन कार्डं आणि चाचणीचं मशीन भंगारवाल्याला परत दिलं.

रात्री आईला फोन केला. तिला कार्डाबिर्डातलं कळत नाही, पण माझ्या आवाजावरून मी जेवलेय की नाही हे तिला कळतं. आमच्या गल्लीत तिच्या हाकेला भोंगा म्हणतात. गॅस संपला, दार वाजलं, पाय घसरला, काहीही झालं की ती भिंतीपलीकडच्या मैनामावशीला हाक मारते आणि मावशी पळत येते. दादा चाकणला, मी अशी गावोगाव. त्या हाकेच्या भरवशावरच आम्ही दोघं तिला एकटी ठेवू शकतो. या कामानंतर पंधरा दिवस घरी राहायचं ठरवलंय.

मंगळवार, २२ एप्रिल

काल कार्ड बसवलं, टोपणं लावली. आज भर दुपारी चाचणी घेतली. काकूंनीच बाराची वेळ धरून ठेवली होती. का, ते कळलं नाही.

चाचणीचा प्रोग्राम साधा असतो. तो एक आवाज वाजवतो आणि पडद्यावर विचारतो, आवाज ऐकू आला का? हो किंवा नाही. हे मी आजवर इतक्यांदा केलंय की बोट आपोआप हो वर जातं.

स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, जरा घोगरा, मायेचा.

"तृप्ती."

मला वाटलं जिन्यातून कुणीतरी हाक मारतंय. तोंडातून "ओ" निघून गेली आणि बोटाने हो दाबलं. मग लक्षात आलं की घरात मी आणि काकू दोघीच आहोत आणि काकू मुक्या आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामला माझं नाव कुठून कळणार?

मागे वळले. काकू दारात उभ्या होत्या. दोन्ही हात जोडलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. मी विचारलं काय झालं, तर त्या घाईने खाली निघून गेल्या. जाताना त्यांच्या बांगड्या वाजल्या. इतक्या दिवसांत त्या बांगड्या वाजलेल्या मी ऐकल्याच नव्हत्या.

उन्हाचा त्रास असेल. उद्या बघू. फोन मशीनच्या खोलीत चार्जिंगला लावलाय, वरचे बाकीचे प्लग बंद आहेत.

बुधवार, २३ एप्रिल

माझा आवाज गेलाय.

घसा दुखत नाही, ताप नाही. सकाळी खाली जाऊन काकूंना हाक मारायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. कुजबुजही नाही. डॉक्टरकडे गेले, कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, सगळं निरोगी आहे, ताण घेऊ नका.

पण गोष्ट घशाची नाही, हे त्यांना कसं सांगू? चपला वाजत नाहीत. टाळी वाजत नाही. स्टीलचा पेला फरशीवर सोडून पाहिला. तो आपटला, उडाला, गोल गोल फिरला. आवाज नाही. बाहेर रिक्षा वाजते, कुकर वाजतो, सगळ्या जगाला आवाज आहे. फक्त मी जे करते त्याला नाही.

आणि काकू खाली गुणगुणत होत्या. मी जिन्यात पाऊल टाकलं तशा गप्प झाल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी उचलला. ती हॅलो हॅलो करत राहिली. लाइन खराब आहे असं समजून मग एकटीच बोलली. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"तृप्ते, आज दुपारी मागच्या दाराशी तू हाक मारलीस. आई म्हणून. अगदी तुझाच आवाज. पण मी ओ दिली नाही बघ. म्हटलं, माझी पोर असेल तर तीनदा हाक मारेल. पुन्हा हाक आलीच नाही."

फरशीवर बसूनच राहिले.

आई काळजी करेल म्हणून दादाला मेसेज केला. घसा बसलाय, बोलता येत नाही, आईला सांग, शुक्रवारी दुपारी घरी पोचतेय. शिवाय लिहिलं, मी समोर येऊन तिचा हात धरेपर्यंत तिने कुठल्याही हाकेला ओ देऊ नये. दादाने हसण्याचं चित्र पाठवलं. तू कधीपासून असलं मानायला लागलीस म्हणाला. पण तू शुक्रवारी येतेस हे सांगतो, म्हातारी खूश होईल.

उद्या ते कार्ड काढून फेकते. परवा सकाळी घरी.

गुरुवार, २४ एप्रिल

मशीनच्या खोलीला कुलूप आहे, दारातच बसवलेलं, चावी नसेल तर फक्त आतल्या कडीने उघडणारं. रात्री चार्जिंगला लावलेला फोन आत राहिलाय.

जिन्याचं चॅनेल गेटही बाहेरून बंद.

गेटपलीकडे काकू उभ्या होत्या. हातात बॅग, अंगावर इस्त्रीची साडी. गेटच्या आत त्यांनी डबे सरकवून ठेवले होते, वरण-भात, पोळ्या, पाण्याची कळशी. आणि त्या बोलल्या. परवा स्पीकरमधून आलेला तोच आवाज. जरा घोगरा, मायेचा. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, त्यांना थांबता येत नव्हतं.

हर्षलला ते आधी लागलं. मशीनने हाक मारली, त्याने ओ दिली, तो मुका झाला. मग एका दुपारी वरून त्याच्याच आवाजात हाक आली, आई. मुका पोरगा बोलला म्हणून आनंदाने काकूंनी ओ दिली. तो सुटला आणि त्या अडकल्या. पोरगा घाबरून घर सोडून गेला तो गेलाच. पुढे मशीनने काकूंच्या आवाजात कुणाला हाक मारावी, तर कार्ड जळलं. मशीनला तोंडच राहिलं नाही आणि काकूंचा आवाज आतच राहिला.

मी गेट धरून हलवत होते. लोखंड हलत होतं. आवाज नाही.

"रागावू नकोस पोरी," त्या म्हणाल्या. "आता ते तुझ्या आवाजात तुझ्या माणसाला हाक मारेल. कुणीतरी ओ दिली की तू मोकळी. पण मला माहितेय, त्याआधी तू ते मशीन फोडशील. मग जन्मभर माझ्यासारखी राहशील. तसं होऊ नये म्हणून कुलूप लावते. तुझ्याच भल्यासाठी गं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. हर्षलकडे जाते म्हणाल्या. त्याला हाक मारायचीय.

राहू दे मला मुकी. मशीन फोडायचंय. आईला डोळे नाहीत. आवाजही गेला तर ती भिंतीपलीकडे मैनामावशीला कशी बोलावणार? गॅस चालू राहिला तर? पडली तर? तिच्याकडे दुसरं आहे काय?

दुपार

कुलूपबंद दारापलीकडून माझा आवाज आला. "आई." मग थोडं थांबून पुन्हा, "आई."

काल एकदा. आज दोनदा. जुन्या कार्डाला दुसऱ्यांदा जमायचं नाही, अडकायचं. हे अडखळत नाही. मीच निवडलंय.

मेन स्विच खाली पाडला. पंखा बंद झाला, पण आत मशीनची घरघर चालूच. इन्व्हर्टर आत आहे. बॅटरी केव्हा उतरेल, सांगता येत नाही.

समोरच्या गच्चीवर एक बाई पापड वाळवतात. ग्रिलमधून दोन्ही हात हलवले. त्यांनीही हात हलवला. या घरातली बाई बोलत नाही, हात करते, हे त्यांना सवयीचं आहे. कागदावर लिहून धरलं, तर हसून पुन्हा हात केला आणि खाली गेल्या. कागद खाली फेकले. सगळे काकूंच्या मोगऱ्यात पडले.

शुक्रवार, २५ एप्रिल

पहाटेपासून वरवंट्याने दार फोडतेय. सागवानी आहे. घावाला आवाज नाही, त्यामुळे लागतोय की नाही तेही कळत नाही. फक्त हात भरून येतात.

आत फोन वाजतोय. आईची रिंग आहे. आज मी येणार म्हणून. तिने पुरण घातलं असेल.

मीच कळवलं तिला. शुक्रवारी दुपारी.

—

एक फळी फुटली. हात जातोय, कडीपर्यंत पोचत नाही. बॅटरी अजून चालू —

—

ऊन पायरीवर आलं. बारा होत आले असतील. आणखी एक फळी —

"आई."

नको. आई, ओ देऊ नकोस.

"आई."

कडी हाताला लागली. गंजलीय. ओढतेय —

—

दार उघडलं. आत आहे. वरवंटा उचलला होता आणि तिसरी हाक आली. माझाच आवाज. लाडात आले की मारते तशी.

मी घाव घातला. नेम चुकला. टेबलावर बसला.

वाजला.

धाड असा वाजला. खिडकीची काच थरथरली. माझा श्वास मला ऐकू आला.

—

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं आई, आई मी बोलतेय, तृप्ती. माझा आवाज आला. नीट आला.

पलीकडे कुकरची शिट्टी. घाटातल्या गाडीचा भोंगा. आई मात्र —

भिंतीपलीकडून मैनामावशी विचारत होती, काय गं, आज गप्प का. आई उत्तर देत नव्हती.

—

आता मशीन फोडायचं नाही. आत्ता फोडलं तर आईचा आवाज कायमचा आत. काकूंचा राहिला होता तसा. आधी मी ओ द्यायची, म्हणजे आई सुटेल. मग लगेच घाव, म्हणजे माझ्या आवाजात ते पुन्हा कुणाला हाक मारणार नाही. ओ आणि घाव यांच्या मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. क्रम चुकला तर —

हे वाचेल त्याने कार्ड जोडू नये. कुठलंच.

वरवंटा हातात आहे. एका हाताने लिहितेय. पडद्यावर आलंय, आवाज ऐकू आला का.

अजून नाही आला. बोल ना. बोल —

"तृप्ती."

आईचा. डब्याचं झाकण बंद करताना मारते तसा.

पहिलीच हाक आहे. आई, तू म्हणायचीस पहिल्या हाकेला — मला माहितेय तू नाहीस. तरी मी ओ दे